वाळूच्या बादलीमागून चाकणपर्यंत

आमच्या निगडीच्या सोसायटीत जिन्याखाली पत्र्याचा डबा ठेवून आठवडा उलटला, तरी त्यात एकच जुना मोबाइल पडला होता, आणि तोही सोनवणे काकांचा स्वतःचा. डबा त्यांचाच. त्यावर तेलरंगाने ‘जुने, बंद फोन इथे टाका’ असं लिहिणारेही तेच.

काका माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. भोसरीतल्या गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी शेवटच्या तपासणीच्या टेबलावर काढली. माल गाडीत चढण्याआधी त्यावर शेवटचा हात त्यांचा. निवृत्त झाले तरी सवय सुटलेली नाही. भाजीच्या गाडीवर ते टोमॅटो असे फिरवून बघतात की भाजीवाला म्हणतो, “काका, पास का नापास, सांगा एकदाचं.” जुन्या फोनांचं वेडही त्यांना असंच लागलं. एवढ्याशा फोनमध्ये तांबं असतं, चांदी असते, किंचित का होईना सोनं असतं, बॅटरीत कोबाल्ट आणि लिथियम असतं, आणि हेच सगळं नव्याने मिळवायला कुठेतरी डोंगर फोडावा लागतो, हे त्यांच्या वाचनात आलं. “आणि इथं घरटी ड्रॉवरमध्ये चांगला माल सडतोय,” ते म्हणाले. पडून राहिलेला माल त्यांना बघवत नाही.

डबा भरेना, म्हणून ते दारोदार फिरले. मीही सोबत गेले. मला वाटलं होतं, लोक जुने फोन ठेवतात ते चार पैसे मिळतील या आशेने. पण दारात ऐकू आलं ते वेगळंच. “आहेत हो दोन-तीन, पण त्यात लग्नाचे फोटो आहेत.” “बँकेचं सगळं त्यातच होतं, कुणी उघडला म्हणजे?” एका वहिनींचा फोन कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये धुऊन निघाला होता, तरी त्या म्हणाल्या, “कुणी चालू केलाच तर?” हसू आलं, पण त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. अख्खी सोसायटी मेलेल्या फोनांना घाबरून होती.

रविवारच्या बैठकीत काका उभे राहिले आणि म्हणाले, “तुमच्यातला एकही फोन परक्या माणसाच्या हातात उघडणार नाही. जबाबदारी माझी.” आमच्याकडे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेले. काकांनी पास केलेला माल परत येत नसे, हे त्यांना माहीत. चार दिवसांत डबा काठोकाठ भरला.

सगळ्यात शेवटी आली वैशाली. हे तिचं खरं नाव नव्हे, आणि हा मजकूर तिने वाचून ‘टाका’ म्हटल्यावरच इथे टाकते आहे. ती हिंजवडीला एका आयटी कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिने फोन दुरुस्तीला दिला होता. तिथून तिचे खासगी फोटो बाहेर पडले आणि ओळखीच्यांच्या फोनवर फिरले. तक्रार झाली, पोलिस झाले, जेवढं पुसता येईल तेवढं पुसलं गेलं. फोन परत आला, तेव्हा तिने वरवंटा घालून त्याचा स्क्रीन फोडला. पण फुटलेल्या फोनचं पुढे काय करायचं, ते तिला कळेना. कचऱ्यात टाकावा तर कुणी उचलेल. भंगारवाल्याला द्यावा तर तो कुणाला विकेल? दुकानात नेण्याचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षं तो फोन एका स्टीलच्या डब्यात बंद होता.

तिने तो जिन्याखालच्या डब्यात टाकला नाही. काकांच्या हातात दिला.

“काका, नक्की ना?”

“नक्की. संपवूनच येतो त्याला,” काका म्हणाले.

जुने मोबाइल घेऊन चाकणला जायचं आमचं ठरलं, ते असं. हे वाचून कुणाला तसंच जायचं असेल तर आधी दोन गोष्टी. पहिली, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्याच केंद्राकडे जा, आणि आधी फोन करून वेळ ठरवा. आम्हाला महाळुंग्याच्या बाजूला एक कारखाना मिळाला. एरवी ते फक्त कंपन्यांचा माल घेतात, पण सोसायटीचा एकगठ्ठा माल आहे म्हटल्यावर तयार झाले. दुसरी गोष्ट, गुरुवार टाळा. आपल्या पट्ट्यात गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते. रस्ता मोकळा मिळतो, पण कारखान्याला कुलूप असतं. आम्ही बुधवार धरला.

सकाळी निघालो. गाडी माझी, चालवणारी मी. डबा मागच्या सीटवर, काकांच्या सूचनेनुसार पट्टा बांधून. भक्ती-शक्ती चौकातून स्पाइन रोडला लागलं की सकाळच्या वेळी हा रस्ता खरोखर छान वाटतो. रुंद, दुतर्फा झाडं, फिरायला आलेली माणसं. पहिल्या शिफ्टच्या बस निघून गेलेल्या असतात आणि जनरल शिफ्टची गर्दी अजून सुरू व्हायची असते. त्या मधल्या वेळेत निघा.

“भोसरीत पाच मिनिटं थांबू,” काका म्हणाले. “दत्ताकडे.”

दत्ता म्हणजे काकांच्या हाताखाली शिकलेला मुलगा. आता मुलगा कसला, स्वतःचं वर्कशॉप आहे, केसही पिकलेत. मूळचा लातूरकडचा. एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये तीन-चार मशिनं, बाहेर लोखंडी चुऱ्याचं पिंप आणि दारात उभा असलेला छोटा टेम्पो.

“या साहेब, या ताई. चहा सांगू का अगोदर?”

“चहा नंतर. ड्रिल मोकळं आहे का?” काकांनी वैशालीचा फोन खिशातून काढला. “याला आरपार भोक पाडायचंय. मग बाकीच्यांना.”

“कामून साहेब? भंगारातच चाललाय न्हवं?”

“रिजेक्ट माल आपण गेटबाहेर कसा सोडायचो?”

दत्ताने लगेच मान हलवली. मला समजावं म्हणून काकांनी सांगितलं. गाडीचा एखादा भाग तपासणीत नापास झाला की तो भंगारात जातो. पण धडधाकट दिसणारा नापास भाग भंगारातून पुन्हा बाजारात येऊ शकतो. कुणीतरी तो पुसून, डबीत घालून विकतो, आणि तो कुणाच्या तरी गाडीला बसतो. म्हणून गेटबाहेर सोडण्याआधी त्याला लाल रंग फासायचा आणि भोक पाडायचं. मग तो कुणाच्याच कामाचा राहत नाही. या पट्ट्यात ज्याने मालाची तपासणी केली आहे, त्याच्या हाताला हे वळण असतंच. मला ते इतकं पटलं की मीही म्हटलं, “उत्तम. आधी तिचाच करा.”

दत्ताने फोन मशिनखाली चिमट्यात धरला. बरोबर मधोमध खूण केली. ड्रिल खाली आलं. काचेचा चुरा उडाला, पत्रा कापल्यासारखा आवाज झाला, आणि मग फुसफुस सुरू झाली, कुकरची शिटी होण्याआधी होते तशी. फोन फुगला. भोकातून पांढरा धूर चिळकांडीसारखा वर आला आणि पाठोपाठ निळसर जाळ.

“मागं सरा! ताई, भाईर व्हा!” दत्ता ओरडला. त्याने मशिन बंद केलं, झाडूच्या दांड्याने चिमट्यासकट फोन खाली पाडला आणि भिंतीला टांगलेली लाल बादली काढून त्यातली वाळू त्याच्यावर ओतली. वाळूतूनही थोडा वेळ धूर येत राहिला. वास चमत्कारिक होता, गोडसर आणि घशाला लागणारा.

आम्ही गल्लीत उभे राहून खोकत होतो. कुणाला भाजलं नव्हतं. कुणाच्या डोळ्यात काही गेलं नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या क्षणी मलाही आधी तेवढंच हवं होतं.

मी कारखान्यात फोन लावला. आमच्याशी बोलणी केलेली मनीषा तिथली रसायन अभियंता. झालेलं ऐकून तिचा पहिला प्रश्न, “कुणाला लागलं का?” दुसरा, “शेडमधून बाहेर आलात ना?” आणि मग, अगदी शांतपणे, “भोक कशाला पाडलंत?”

काकांनी फोन हातात घेतला आणि रिजेक्ट मालाची गोष्ट सांगितली. मग ती म्हणाली, “काका, गिअरमध्ये बॅटरी नसते हो.”

तिने सांगितलं ते इथे लिहून ठेवते, घरात जुना फोन असलेल्या प्रत्येकासाठी. फोनला भोक पाडू नका, वाकवू नका, हातोडा घालू नका. बंद पडलेल्या फोनच्या बॅटरीतही जीव शिल्लक असतो. आतले पदर फाटून एकमेकांना भिडले की पेट घेतात. पाठ फुगलेला फोन चार्जिंगला लावू नका, इतर फोनांपासून वेगळा ठेवा आणि मुलांच्या हातात देऊ नका. आमच्या जळालेल्या फोनसाठी हुकूम असा होता, की तो वाळूतच राहू द्यायचा, उघड्यावर न्यायचा, काही तास जाऊ द्यायचे. आणि गाडीच्या आत अजिबात घ्यायचा नाही.

दत्ताने लांब दांड्याच्या फावड्याने वाळूसकट फोन पुन्हा बादलीत भरला आणि अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवला. वर आणखी वाळू. तिच्या चारी बाजूंना त्याने रिकाम्या खुर्च्या मांडल्या, कुणी जवळ जाऊ नये म्हणून. एखाद्या पाहुण्याची व्यवस्था करावी, तशी.

भोसरीत अडकलातच तर मिसळ खा. गल्लीच्या तोंडाशी कामगारांचं हॉटेल आहे, पाव जाडजूड, तर्री वेगळी मागून घ्यावी लागते, दोघांचं शंभर-सव्वाशेत भागतं. मी खाल्ली. काकांनी पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

“तिला काय सांगू?”

“जळाला म्हणून सांगा. संपवायचाच होता ना?” मी म्हटलं.

“जळाला म्हणजे संपला का? बघितल्याशिवाय कसं म्हणू?” ते बशीकडे बघत म्हणाले. “बघितल्याशिवाय कधी सही केली नाही मी.”

दत्ताचा टेम्पो तसाही कच्चा माल आणायला महाळुंग्याला रिकामा जाणार होता. वाळू पूर्ण गार झाल्याची पुन्हा पुन्हा खात्री करून आणि मनीषाला विचारून, दुपारी त्याने बादली टेम्पोच्या उघड्या हौद्यात दोरीने बांधली. त्याने पुढे जायचं, आम्ही अंतर राखून मागे. मी बरेच प्रवास केले आणि त्यावर लिहिलंही, पण बादलीच्या मागे मागे गेलेला हा एकच. नाशिक हायवेवर माझी नजर ना मोशीच्या नव्या इमारतींवर होती, ना इंद्रायणीच्या पुलावर. पुढच्या टेम्पोत लाल बादली हलते आहे का, एवढंच मी बघत होते. काका तर सीटच्या कडेवर बसले होते. “गॅप ठेवा ताई, गॅप ठेवा,” असं अधूनमधून.

मोशीजवळ डाव्या अंगाला शहराच्या कचऱ्याचा डोंगर लांबून दिसतो. एरवी आपण काच वर करतो आणि पुढे जातो. त्या दिवशी मला सकाळची फुसफुस आठवली. घंटागाडीत सुक्या कचऱ्याबरोबर आपण असा एक फोन टाकला, आणि तो गाडीत दाबला गेला, किंवा त्या डोंगराच्या पोटात जाऊन फुटला, तर तिथे वाळूची बादली घेऊन कुणी उभं नसतं. आणि पेटला नाही तरी पावसाळ्यागणिक त्यातलं काय काय झिरपत खाली जातं, ते जमिनीत आणि पाण्यातच राहतं. आतापर्यंत हे मला वाचून माहीत होतं. आता त्याचा वास माहीत झाला होता.

कुरुळीच्या पुढे दत्ता चहाला थांबला. टपरीवर गावातले एक आजोबा बसले होते, पांढरी टोपी, पायात करकरीत वहाणा. त्यांनी टेम्पोकडे बघून विचारलं, “काय रं, बादलीभर वाळू कुठं चालवली?”

“मोबाइल हाय मामा त्यात,” दत्ता म्हणाला.

“वाळूत? उगवतोय व्हय?”

“जळाल्याला हाय.”

“मग पुरला काय! आमी कांदं लावतो, तुमी मोबाइल लावा. भाव चांगला मिळंल.” टपरीवरचे सगळे हसले. काकाही हसले असतील असं मला वाटलं, पण ते उठून बादली बघून आले.

हसणं ओसरल्यावर आजोबांनी हळूच विचारलं, “आमच्याकडं हाय एक. पोट फुगल्यालं. नातू घिऊन खेळतो. त्येला काय हुतं का?”

दत्ताने सकाळचा प्रकार हातवारे करून सांगितला. आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला, खिशातून आपला चालू फोन काढला आणि घरी लावला. “त्यो फुगल्याला मोबाइल पोराच्या हातनं घे. आत्ता. न्हाई, आत्ता म्हंजी आत्ता. भाईर वाळूत ठिव.” मग आम्हाला म्हणाले, “द्यायचा कुठं त्यो?” मोबाइल कंपन्यांच्या सेवा केंद्रांत जुने फोन घेतात, चाकणात नक्की मिळेल, आधी विचारून जा, असं मी सांगितलं. चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

चाकणच्या तळेगाव चौकाबद्दल मी नवीन काय लिहिणार? नव्याकोऱ्या मोटारींनी भरलेले लांबलचक कंटेनर वळताना अख्खा चौक अडवतात, आणि मग दुचाक्या त्यांच्या पोटाखालून गेल्यासारख्या निसटतात. अर्धा तास हातचा ठेवा, पाण्याची बाटली भरून घ्या. आम्ही बादलीसह तिथे अडकलो. चौक सुटला तसा महाळुंग्याचा रस्ता पटकन सरला.

कारखाना बाहेरून अगदी साधा, निळ्या पत्र्याची शेड. गेटवर आमचे चालू फोन काढून घेतले, फोटो काढायला मनाई. त्यामुळे या लेखात चित्रं नाहीत, चालवून घ्या. मनीषा तिशीची, डोक्याला हेल्मेट, बोलणं थोडकं. आमच्या डब्यातले फोन तिने टेबलावर मांडून घेतले आणि पाठ फुगलेले दोन बाजूला काढले. बादली शेडबाहेरच ठेवून घेतली. जाड हातमोजे घालून तिने वैशालीचा फोन वाळूतून काढला, दूर पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवला, पारखला, आणि बराच वेळ थांबून त्याची पाठ उघडली.

“हे बघा काका. भोक इथून गेलं.” मधोमध काळा कोळसा. “ही सगळी बॅटरी. फोनचं पोट म्हणजे बॅटरीच. आणि फोटो असतात ते इथे.” तिने चिमट्याच्या टोकाने वर, कॅमेऱ्याशेजारची नखाएवढी चिप दाखवली. काजळी बसली होती, पण चिप अख्खी होती.

काकांचा चेहरा उतरला. “म्हणजे फोटो आहेत?”

“असू शकतात. कुणी जाणकाराने काढायचेच ठरवले तर निघतीलही.”

आग लागली, शेड जळता जळता वाचली, आणि ज्याच्यासाठी हे केलं ते जिथल्या तिथे. काका खुर्चीवर बसले. मला वैशालीचं ‘नक्की ना?’ ऐकू येत होतं, आणि त्यांनाही येत असणार.

“मोठ्या मशिनचा आजचा घाणा संपलाय. हे सगळं शुक्रवारी जाईल. निर्धास्त राहा, कुलपात असतं,” मनीषा म्हणाली.

“मग मी शुक्रवारपर्यंत बसतो,” काका म्हणाले.

मनीषाला वाटलं, ते गंमत करतायत. मी मानेनेच नाही म्हटलं. ते बसले असते.

“एका मुलीचा आहे तो,” मी एवढंच म्हटलं. मनीषाने पुढे काही विचारलं नाही. ती आत गेली, कुणाशी तरी बोलली आणि परत येऊन म्हणाली, “कंपन्यांच्या हार्ड डिस्क चुरण्याचं छोटं मशिन आहे. बॅटरी लावलेलं काही त्यात घालत नाही आम्ही. पण बॅटरी वेगळी करून नुसता बोर्ड घालता येईल. या.”

आम्ही जाड काचेपलीकडे उभे राहिलो. तिथल्या दोघांनी जळकी बॅटरी अलग करून वेगळ्या पिंपात टाकली आणि चिपसकटचा हिरवा बोर्ड मशिनच्या तोंडात सोडला. आवाज आला, गिरणीत चणे टाकल्यासारखा, आणि थांबला. इतकंच. दोन वर्षं एका मुलीच्या घरात दबा धरून बसलेली गोष्ट तेवढ्यात संपली.

पण काकांचं संपलं नव्हतं. त्यांनी चुऱ्याचा ट्रे मागितला. शर्टाच्या खिशातून भिंग काढलं, ते त्यांच्याकडे कायम असतं, आणि ट्रे हलवत कणन् कण बघितला. तांदळाच्या कणीएवढे तुकडे. हिरवे, पिवळे, काही चमकणारे. कुणीच घाई केली नाही. शेवटी त्यांनी भिंग मिटलं.

“ओके,” ते म्हणाले. एवढा लांब श्वास सोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग म्हणाले, “मॅडम, यातली चिमूटभर कागदात देता का? तिला दाखवतो.”

“नाही काका. आत आलेल्यातला एक कणही बाहेर जात नाही. म्हणून तर इथे आणलंत ना?”

“बरोबर आहे,” काका खूश होऊन म्हणाले. “बरोबर आहे. गेट असं पाहिजे.”

या चुऱ्याचं पुढे काय होतं, तेही मनीषाने सांगितलं. लोखंड लोहचुंबकाने ओढून घेतात, प्लॅस्टिक वेगळं पडतं, उरलेली पूड धातू गाळणाऱ्या कारखान्यात जाते, आणि तांबं, चांदी, सोनं पुन्हा वापरात येतं. बॅटऱ्यांची वाट वेगळी, त्यातलं कोबाल्ट, लिथियम काढून घेतात. तितकी खाण कुठेतरी कमी खणली जाते. हेच काम उघड्यावर तारा जाळून, ॲसिडमध्ये बोर्ड बुडवून करणारेही असतात. तिथे सोनं निघतं, पण धूर कामगाराच्या छातीत आणि ॲसिड गटारात जातं. म्हणून नोंदणी विचारा, आणि फोन नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. आमच्या बाकीच्या फोनांचं ते शुक्रवारनंतर यायचं होतं. पैशांची अपेक्षा ठेवू नका. आम्हाला चहा मिळाला.

दत्ता त्याचा माल भरायला निघाला. रिकामी बादली त्याने टेम्पोत टाकली. “साहेब, पुढच्या वेळी चहालाच या. ड्रिल झाकून ठिवतो मी,” असं म्हणून तो गेला.

येताना आम्ही तळेगावचा रस्ता धरला. चाकणचा चौक पुन्हा नको, हे एक कारण. दुसरं म्हणजे खालुंब्रे, इंदोरी करत जाणाऱ्या या रस्त्यावर कारखाने सरतात आणि मध्येच शेतं लागतात. रस्ता अरुंद आहे, ट्रेलर समोरून येतात, अंधार पडायच्या आत पार करा. इंदोरीला थांबून काकांनी भेळ खाल्ली, मग माझ्या पुड्यातलीही खाल्ली. सकाळपासून उपाशी होते. तळेगावपासून जुना हायवे, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, देहूरोड, आणि निगडी. गाडीत काका अखंड बोलत होते, कंपनीतले किस्से, कुणाचा कुठला माल कसा परत पाठवला ते. मी ऐकत होते आणि खिडकीतून गार वारा येत होता. पुढे बादली नव्हती.

प्रवासाहून परतल्यावर लोक विचारतात, काय आणलं? या वेळी काहीच नाही. उलट सोसायटीभरच्या ड्रॉवरांतलं ओझं कुठेतरी नीट पोचवून आलो, आणि येताना हात रिकामे असण्याचं एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. जुने फोन का द्यावेत याची पर्यावरणाची कारणं खरीच आहेत, मी वर लिहिलीही आहेत. पण लोक ते घरात ठेवतात भीतीपोटी, आणि भीतीवर पत्रक वाटून भागत नाही. कुणीतरी बघून येऊन सांगावं लागतं.

वैशालीची कंपनीची कॅब हिंजवडीच्या गर्दीत अडकली होती. काका घरी गेलेच नाहीत. गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसून राहिले. मी म्हटलं, “चुरा झाला तेवढंच सांगा. धुराचं कशाला?”

“नाही. झालं तसं सांगणार,” ते म्हणाले.

ती आली, पाठीवर बॅग, चेहरा थकलेला. काकांना बघून थबकली. काकांनी सुरुवातच चुकीपासून केली. दत्ताचं वर्कशॉप, ड्रिल, धूर, वाळू. मग भोक नको तिथे पडलं, हे. मग काच, मशिन, ट्रे, भिंग. “मी स्वतः बघितलं. तांदळाच्या कणीएवढं झालंय. आता कुणाचा बाप आला तरी जोडू शकत नाही.”

मला वाटलं, ती रडणार.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्या फोनला आग लावलीत?”

“चुकून गं.”

आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, गेटला टेकून. “दोन वर्षं मला तेच करायचं होतं हो! गॅसवर धरू का, असं रोज मनात यायचं. हिंमत होत नव्हती.” हसता हसता तिने डोळे पुसले. बॅग पाठीवरून काढून खाली ठेवली आणि कट्ट्यावर बसली.

“धुराचं परत सांगा ना.”

वॉचमनही जवळ सरकला. काकांनी घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली, या वेळी उभं राहून, हातवारे करून. दुसऱ्या सांगण्यात जाळ माणसाएवढा झाला होता आणि धूर थेट शेडच्या छताला भिडला होता. मी काहीही दुरुस्त केलं नाही.